बागेतला डेक: फळी निवडण्याआधी पाणी कुठे थांबतं ते बघा

माझा पहिला डेक, म्हणजे बागेत बसायला केलेला फळ्यांचा चौथरा, सागवानाचा होता. फळ्या उत्तम होत्या, निवडून आणलेल्या. सहाव्या वर्षी एका कोपऱ्यात पाऊल टाकलं की दबल्यासारखं वाटू लागलं. फळी उचलली. तिला काहीही झालेलं नव्हतं, खालचा वासा मात्र हाताने चुरडता येत होता. सगळा खर्च आणि सगळी हौस वरच्या थरावर केली होती आणि सांगाड्याला हाताशी होतं ते साधं लाकूड वापरलं होतं. पुढे आणखी काही डेक बांधले, काहींच्या दुरुस्त्या पाहिल्या. जवळपास प्रत्येक ठिकाणी डेक खालून, सांध्यातून आणि फळीच्या टोकातून खराब झालेला होता. वरून क्वचितच.

म्हणून या लेखातला क्रम थोडा वेगळा वाटेल. साहित्याची नावं मधल्या पायरीवर येतील. त्याआधी जागा आणि सांगाडा.

पायरी १: जागा कोरडी असताना बघा, मग भिजलेली असताना बघा

कागद-पेन्सिल घेऊन बसण्याआधी भर पावसात एकदा त्या जागेवर उभे राहा. पाणी कुठून येतं, कुठे साचतं, किती वेळाने जिरतं? पाऊस नसेल तर चार-पाच बादल्या ओता आणि तासाभराने परत या. तेव्हाही डबकं तसंच असेल, तर कुठलीही फळी आणली तरी आधी निचऱ्याचं काम करावं लागेल: जमीन घरापासून दूर उतरती करणं, खडीचा थर टाकणं, गरज पडली तर चर खणणं.

मग ऊन. सकाळी, दुपारी, संध्याकाळी सावली कुठे पडते ते चार खुणा करून ठेवा. सतत सावलीत राहणाऱ्या जागी शेवाळ धरणार आणि तिथे घसरण्याचा धोका मोठा. उलट दिवसभर तापणाऱ्या जागी गडद रंगाच्या फळीवर अनवाणी पाय ठेवणं मुश्कील होतं. झाडाखालची जागा असेल तर गळलेली पानं फटींत अडकून ओल धरून ठेवतात, हे लक्षात असू द्या.

तिसरी गोष्ट उंची. जमिनीपासून अर्धा मीटर उंच डेकखाली हवा खेळते, वाकून बघता येतं, दुरुस्ती करता येते. जमिनीला टेकलेल्या डेकखाली यातलं काहीच होत नाही. अशा बुटक्या डेकसाठी लाकडाचा सांगाडा शक्यतो नकोच, असं माझं स्पष्ट मत आहे. तिथे धातूचा सांगाडा लावा किंवा डेकचा हट्ट सोडून उंच पायांवरच्या फरश्या घ्या. त्यांच्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

आणि वजन. मोठ्या कुंड्या ठेवणार असाल तर आत्ताच ठरवा. ओली माती लिटरमागे साधारण दीड किलो भरते, म्हणजे ५० लिटरची एक कुंडी ७५ किलोच्या घरात जाते. अशा कुंड्यांखाली वासे जवळजवळ घ्यावे लागतात. शिवाय प्रत्येक कुंडी पायांवर उचललेली हवी, नाहीतर तिच्याखालचा गोल कधीच वाळत नाही.

पायरी २: लाकूड का कुजतं ते समजून घ्या

हे पाच मिनिटांत समजतं आणि पुढचे सगळे निर्णय यावर उभे राहतात. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला चार गोष्टी लागतात: अन्न, ऊब, हवा आणि ओलावा. अन्न म्हणजे लाकूडच. ऊब आणि हवा बागेत असणारच. आपल्या हातात उरतो तो ओलावा. लाकडातल्या ओलाव्याचं प्रमाण २० टक्क्यांच्या खाली राहिलं तर बुरशी वाढू शकत नाही. पावसात भिजून दुसऱ्या दिवशी वाळलेल्या फळीला काही होत नाही. आठवडेच्या आठवडे ओली राहणारी फळी कुजते. कायम पाण्याखाली बुडालेलं लाकूड हवेअभावी वर्षानुवर्षं टिकतं, पण जिथे ओल आणि हवा एकत्र येतात, म्हणजे खांब जमिनीत शिरतो त्या रेषेवर, तिथे ते सगळ्यात आधी जातं.

ओल अडकण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. फळी आणि वासा एकमेकांवर टेकतात तो पट्टा, दोन फळ्यांची टोकं भिडतात तो सांधा, आणि फळीचं कापलेलं तोंड. लाकडाच्या नळ्या लांबीच्या दिशेने धावतात, त्यामुळे कापलेल्या तोंडातून पाणी फळीच्या पाठीपेक्षा कितीतरी वेगाने आत शिरतं.

पायरी ३: आधी सांगाडा ठरवा

सांगाड्यातल्या आडव्या वाशांना दुकानात जॉइस्ट म्हणतात. पर्याय मुख्यतः तीन: दाबाखाली औषध मुरवलेलं पाइन, ॲल्युमिनियम, किंवा गॅल्वनाइझ केलेलं, म्हणजे जस्ताचा थर दिलेलं लोखंड.

औषध मुरवलेलं लाकूड घेताना एक प्रश्न नक्की विचारा: हे जमिनीला टेकून वापरण्यासाठी आहे की जमिनीपासून उंच? युरोपीय मानकांत बाहेरच्या पण जमिनीपासून वर राहणाऱ्या लाकडासाठी वापरवर्ग ३ आणि मातीला किंवा गोड्या पाण्याला सतत लागणाऱ्या लाकडासाठी वर्ग ४ असतो. हिरवट रंग दिसला म्हणजे औषध खोलवर गेलं असेल, असं मानू नका. लेबल किंवा शिक्का बघा. दुकानदाराला सांगता येत नसेल तर ते लाकूड सांगाड्यात घेऊ नका.

खांब मातीत पुरण्यापेक्षा काँक्रीटच्या पायावर धातूचा बूट बसवून त्यात उभे करा. वाशांच्या वरच्या कडेवर डांबरी किंवा ब्युटाइल रबराची पट्टी चिकटवली की फळी आणि वासा यांच्यामधला तो ओला पट्टा वाचतो. पट्टीचा खर्च डेकच्या तुलनेत अगदी किरकोळ असतो. माझ्या पहिल्या डेकला ती असती तर तो कोपरा इतक्या लवकर गेला नसता.

वाशांमधलं अंतर मध्यापासून मध्यापर्यंत मोजतात. साधारण २५ ते २८ मिमी जाडीच्या लाकडी फळीला ४०० मिमी चालतं. फळ्या तिरक्या लावायच्या असतील तर ३०० मिमी धरा, कारण तिरकी फळी दोन वाशांमध्ये जास्त लांब अधांतरी राहते. डब्ल्यूपीसीसाठी, म्हणजे भुसा आणि प्लॅस्टिकच्या मिश्रणाच्या फळीसाठी, कंपनीने पत्रकात दिलेलं अंतरच पाळा. ते बहुधा ३०० ते ४०० मिमीच्या दरम्यान असतं आणि ते ओलांडलं तर फळ्या उन्हाळ्यात झोळीसारख्या वाकतात.

वाळवीचा भाग असेल तर सांगाडा आणि जमीन यांच्यामध्ये दिसेल अशी मोकळी जागा ठेवा. वाळवी मातीची नळी बांधत वर चढते. खांबाचा पाया उघडा असेल तर ती नळी नजरेला पडते आणि वेळेत मोडता येते. चहूबाजूंनी शोभेची पट्टी मारून डेकचं पोट बंद करण्याची फॅशन आहे. त्याने हवाही कोंडते आणि नजरही. पट्टी मारायचीच असेल तर फटी ठेवून मारा.

पायरी ४: आता फळी

*सागवान आणि इतर कठीण लाकडं.* लाकडाचा टिकाऊपणा गाभ्यात असतो. सालीलगतचा फिकट भाग कुठल्याही झाडाचा असो, सागाचा असो वा आणखी कशाचा, तो बाहेर टिकत नाही. म्हणून ‘सागवान आहे’ एवढ्यावर समाधान मानू नका. फळीच्या कडेला फिकट पिवळसर पट्टा दिसतोय का ते बघा. कमी वयात तोडलेल्या लागवडीच्या सागात हा फिकट भाग जास्त निघतो आणि गाभाही जुन्या झाडाइतका मुरलेला नसतो. सागाची खरी खासियत त्यातलं नैसर्गिक तेल आणि त्याचं कमी फुगणं-आकसणं. त्यात सिलिका असल्यामुळे करवतीची धार लवकर जाते. कामाला बसणाऱ्या सुताराला हे आधीच माहीत असतं.

दक्षिण अमेरिकेतलं इपे हे त्याहूनही कठीण. घनता इतकी की पाण्यात टाकलं तर बुडतं. पूर्वछिद्र पाडल्याशिवाय त्यात स्क्रू जातच नाही. टिकाऊपणात त्याला तोड नाही, पण ते मुख्यतः नैसर्गिक जंगलांतून येतं आणि तिथली तोड चिंतेची बाब झाली आहे. २०२२ साली पनामात साइट्सची, म्हणजे धोक्यातल्या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराची परिषद झाली. तिथे इपे आणि तसंच कठीण असलेलं कुमारू या दोन्ही गटांतली झाडं कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आली आणि नोव्हेंबर २०२४ पासून त्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराला परवाने लागतात. कागदपत्रं दाखवता येत नसतील तर ते लाकूड मी घेणार नाही, तुम्हीही घेऊ नका. एफएससीचं, म्हणजे जबाबदारीने सांभाळलेल्या जंगलातलं लाकूड असल्याचं प्रमाणपत्र असेल तर त्याचा क्रमांक बिलावर लिहून मागा.

फळी हातात घेतली की तिचं कापलेलं तोंड बघा. वर्तुळांच्या रेषा फळीच्या पाठीला जवळजवळ उभ्या असतील तर ती फळी कमी हलते. रेषा धनुष्यासारख्या आडव्या असतील तर ती साधारण दुप्पट फुगते-आकसते आणि पन्हळीसारखी वळण्याची शक्यताही जास्त. सगळ्या फळ्या उभ्या रेषांच्या मिळणं कठीण, पण ढिगातून निवडायची मुभा असेल तर वेळ द्या. एक डोळा मिटून फळीच्या लांबीवर नजर टाका, पीळ लगेच कळतो. कडेला आलेल्या मोठ्या गाठी बाजूला काढा.

*उष्णतेने सुधारलेलं लाकूड.* पाइन किंवा ॲशसारखं लाकूड वाफेच्या सान्निध्यात सुमारे १६० ते २३० अंश सेल्सियसपर्यंत तापवतात. औषध न घालता ते कुजण्याला बऱ्यापैकी दाद देत नाही आणि फुगणंही कमी होतं. बदल्यात ते ठिसूळ होतं. त्यामुळे ते फळीसाठी घ्या, वजन पेलणाऱ्या वाशासाठी नको. याचंच एक भावंड म्हणजे ॲसिटिलेशन केलेलं पाइन. त्यात रासायनिक क्रियेने लाकडाची पाणी धरण्याची क्षमताच कमी केलेली असते. माझ्या पाहण्यातल्या लाकडी फळ्यांत सगळ्यात कमी हलणारी फळी हीच. महाग असते, पण ओल्या आणि सावलीच्या जागेसाठी खरा उपाय आहे.

*औषध मुरवलेलं पाइन.* सगळ्यात स्वस्त लाकडी पर्याय आणि चुकीचाही नाही. मऊ असतं, खुर्चीचे पाय उमटतात, पहिल्या वर्षी चिरा पडतात. हे मान्य असेल तर खुशाल घ्या. कापलेल्या प्रत्येक तोंडावर त्यासाठीचं औषध ब्रशने लावा, कारण कापल्यावर औषध न पोचलेला आतला भाग उघडा पडतो. उरलेले तुकडे चुलीत किंवा शेकोटीत कधीही जाळू नका. जुन्या डेकमधून काढलेलं औषधी लाकूड फुकट मिळालं तरी सावध राहा. पूर्वीच्या सीसीए औषधात (क्रोमियम, तांबं आणि आर्सेनिक यांचं मिश्रण) विषारी आर्सेनिक असायचं, अमेरिकेत २००३ च्या अखेरीस घरगुती कामासाठी त्याचं उत्पादन थांबवण्यात आलं. रेल्वेच्या जुन्या स्लीपरचंही तसंच. त्यात क्रिओसोट हे डांबरातून काढलेलं विषारी तेल मुरलेलं असतं, मुलं अनवाणी फिरतात त्या जागी ते नको.

*डब्ल्यूपीसी.* लाकडाचा भुसा आणि प्लॅस्टिक यांचं मिश्रण. याच्याबद्दल ‘एकदा लावा आणि विसरा’ असं सांगितलं जातं आणि नवखे लोक इथेच फसतात. त्यात भुसा आहे, म्हणजे पाणी आणि बुरशी यांना जागा आहे. पृष्ठभागावर डाग पडतात, सावलीत शेवाळ धरतं, धुवावं लागतं. चारही बाजूंनी प्लॅस्टिकचं कवच असलेली फळी साध्या फळीपेक्षा डाग आणि रंग उडणं बरंच चांगलं झेलते. कवच तीनच बाजूंना आहे की चारही, ते तोंड बघून कळतं. पोकळ फळी हलकी आणि स्वस्त, पण उघड्या टोकातून पाणी आणि किडे आत जातात. टोपणं लावलीत तरी खालून पाणी निघायला वाट हवी.

लाकूड ओलाव्याने रुंदीत फुगतं, डब्ल्यूपीसी उष्णतेने लांबीत वाढतं. हा फरक ज्याला कळला त्याच्या निम्म्या चुका टळल्या. ४ मीटरची फळी, पहाटेचा गारवा आणि भर दुपारचं तापलेलं पृष्ठ यांत ४० अंशांचा फरक धरला, तर ती फळी ५ ते ८ मिमी लांबीत बदलू शकते. टोकाला जागा सोडली नाही तर ती कमान करून उठते. जागा किती सोडायची हे लावण्याच्या दिवशीच्या तापमानावर ठरतं आणि पत्रकात त्याचा तक्ता असतो. पत्रक देत नसलेल्या दुकानातून डब्ल्यूपीसी घेऊ नका.

कुठलीही फळी पसंत करण्याआधी वीतभर लांबीचा नमुना आणा आणि त्याच्यावर तीन गोष्टी करा. वजन आणि जाडी मोजून आठवडाभर पाण्यात बुडवा, परत मोजा. वाळवून अर्धा भाग ॲल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळून महिनाभर उन्हात ठेवा, रंग किती उतरतो ते फॉइल काढल्यावर दिसेल. आणि भर दुपारी त्यावर तळपाय टेकवा, नंतर तोच नमुना ओला करून घसरतो का बघा. विक्रेत्याच्या पुस्तिकेपेक्षा या महिन्याभरात जास्त कळतं. खाचांच्या फळ्या घसरत नाहीत या समजुतीवर मात्र विसंबू नका, खाचांत माती आणि शेवाळ भरलं की त्याही तितक्याच निसरड्या.

बाकीचे पर्याय थोडक्यात. दाबून घट्ट केलेल्या बांबूच्या फळ्या कठीण असतात, पण बांबूत स्वतःचा टिकाऊपणा फारसा नाही, सगळी मदार प्रक्रियेवर. बाहेरच्या वापरासाठीच बनवलेली फळी आहे हे लेखी घ्या. ॲल्युमिनियमची फळी जळत नाही, कुजत नाही, घराचं छप्पर म्हणून वापरलेल्या गच्चीवर उत्तम, पण पायाखाली तिचा आवाज सगळ्यांना आवडत नाही. २० मिमी जाडीच्या पोर्सिलेन फरश्या प्लॅस्टिकच्या कमी-जास्त उंचीच्या पायांवर ठेवता येतात. जमिनीलगतच्या, ओल्या, सावलीच्या जागी मी हाच पर्याय सुचवतो. फक्त घसरणीची श्रेणी आर ११ किंवा त्यावरची घ्या आणि खालचा पाया पक्का हवा.

पायरी ५: स्क्रू स्वस्तात घेऊ नका

सागासारख्या लाकडातलं टॅनिन हे तुरट द्रव्य आणि साधं लोखंड ओलाव्यात भेटलं की काळे डाग पडतात, ते घासून जात नाहीत. औषधी पाइनमधलं तांबं साध्या स्क्रूला गंजवतं आणि ॲल्युमिनियमलाही खातं, म्हणून ॲल्युमिनियमच्या सांगाड्यावर औषधी फळी थेट टेकवू नका. स्टेनलेस स्टीलचा ३०४ दर्जा बहुतेक ठिकाणी पुरतो. समुद्राजवळ किंवा पोहण्याच्या तलावाभोवती ३१६ घ्या. प्रत्येक वाशावर प्रत्येक फळीला दोन स्क्रू, कडेपासून साधारण २० मिमी आत, कठीण लाकडात आधी छिद्र पाडून. स्क्रूची लांबी फळीच्या जाडीच्या अडीचपट.

लपवलेल्या क्लिप सुंदर दिसतात. पण मधली एकच फळी काढायची वेळ आली तर अनेक रचनांत कडेपासून सगळ्या उसवाव्या लागतात. घेण्याआधी हे विचारा.

पायरी ६: फटी आणि टोकं

लाकडी फळ्या आणल्या दिवशी लावू नका. मध्ये पट्ट्या घालून, सावलीत, हवेशीर रचून दोन आठवडे तरी बागेच्या हवेला जुळू द्या. १४० मिमी रुंदीची फळी कोरड्या आणि ओल्या ऋतूंच्या फरकाने २ ते ३ मिमी सहज बदलते. वाळलेल्या फळ्यांत ५ ते ६ मिमी फट ठेवा. ओल्या मिळाल्या असतील तर फट कमी ठेवा, त्या वाळून स्वतःच मोठी करतील. सगळ्या कापलेल्या तोंडांना मेणाचं द्रावण लावा. दोन टोकं एकाच वाशावर भिडवण्याऐवजी तिथे जोडवासे द्या, म्हणजे प्रत्येक टोकाला स्वतःचा आधार आणि मध्ये पाणी निसटायला जागा मिळते.

कापताना मास्क लावा. लाकडाची बारीक धूळ कर्करोगाला कारणीभूत ठरणाऱ्या घटकांत गणली जाते, आणि हे साग-इपेच्या कामात तासन्‌तास घालवणाऱ्या सुतारालाही आवर्जून सांगा.

पायरी ७: तेलाचा वरचा हात

लाकूड करडं पडणं म्हणजे खराब होणं नव्हे. ऊन पृष्ठभागातलं लिग्निन, म्हणजे लाकडाचे तंतू बांधून ठेवणारं द्रव्य तोडतं आणि पाऊस ते धुऊन नेतो, हा बदल अगदी वरच्या पापुद्र्यात होतो. करडा रंग आवडत असेल तर काहीही लावू नका. मूळ रंग हवा असेल तर बाहेरच्या वापराचं, रंगकण असलेलं तेल वर्षातून एक-दोनदा. वार्निश नकोच. ते चिरतं, चिरेतून पाणी आत जातं आणि वरून बंद असल्यामुळे बाहेर येत नाही.

तेलाच्या चिंध्यांबद्दल कळकळीने सांगतो: जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या गोळा करून टाकल्या तर त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात. प्रत्येक चिंधी मोकळ्यावर पसरून वाळवा किंवा पाण्याच्या डब्यात बुडवा.

धुण्यासाठी मऊ ब्रश, पाणी, सौम्य साबण. जोराच्या पाण्याच्या मशिनने लाकडाचे तंतू उभे राहतात आणि पुढच्या वर्षी शेवाळ आणखी घट्ट बसतं.

पायरी ८: एक फळी सुटी ठेवा

मोजमापापेक्षा साधारण दहा टक्के फळ्या जास्त घ्या आणि त्यांतल्या दोन-तीन पूर्ण लांबीच्या सांभाळून ठेवा. त्याच खेपेची, त्याच रंगाची फळी पाच वर्षांनी मिळत नाही.

आणि बांधतानाच एक जागा ठरवा. पहिल्या पायरीत पाणी जिथे सगळ्यात जास्त वेळ थांबलेलं पाहिलंत, बरोबर त्याच्यावरची फळी वरून दिसणाऱ्या स्क्रूंनी बसवा, क्लिपने नाही. वर्षातून एकदा, पावसाळी दिवस सरले की, ती उचला. विजेरी घेऊन आत बघा, अडकलेली पानं काढा, मातीच्या नळ्या दिसतात का तपासा आणि स्क्रू-ड्रायव्हरचं टोक वाशात टोचून बघा. कठीण लागलं तर फळी परत बसवा. टोक सहज आत गेलं तर तेवढाच वासा या वर्षी बदलून घ्या.